बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्या आत्याला काय सांगू? (आणि मी यातच पीएचडी करतेय)

तिसरा_पॅसेज:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. विषय तोंडाचा कॅन्सर, त्यातही कॅन्सरच्या पेशी कमी आणि त्यांच्या आजूबाजूचा गोतावळा जास्त. फायब्रोब्लास्ट (धागे विणणाऱ्या पेशी), त्यांनी विणलेले कोलॅजनचे धागे, रक्तवाहिन्या, इम्यून पेशी, या सगळ्याला मिळून ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणतात, आणि हा गोतावळा गाठीला गळ्यातल्या लिम्फ नोडपर्यंत पोचायला कसा हात देतो ते मी बघते. रोजचं काम म्हणजे ऑपरेशन झालं की दुपारी फोन येतो, बर्फाच्या डब्यातून वाटाण्याएवढा तुकडा आणायचा, त्यातले फायब्रोब्लास्ट वाढवायचे, मग ट्रान्सवेल नावाच्या इवल्याशा चाळणीत वर कॅन्सरच्या पेशी, खाली फायब्रोब्लास्ट, आणि दुसऱ्या दिवशी किती पेशी जेल पोखरून पलीकडे गेल्या ते जांभळा रंग लावून मोजायचं. मोजायचं म्हणजे खरंच मोजायचं, हातात क्लिकर घेऊन, मान मोडेपर्यंत.

तर आता मुद्दा. माझी आत्या तासगावकडे असते, द्राक्षाची बाग आहे, वय ५८. छातीत गाठ लागली, दोन महिने कुणाला बोलली नाही, शेवटी वहिनीने ओढत नेलं, मॅमोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले सुईने तुकडा काढून तपासू. इथे आत्या अडली. "सुरी लागली की पसरतो, बघितलंय मी," असं म्हणते. शेजारच्या बाईंचं असंच झालं म्हणे, तपासायला गाठीला सुई लावली आणि चार महिन्यांत सगळीकडे गेला.

सगळ्या घराने फोन माझ्याकडे वळवला, तू कॅन्सरचीच पीएचडी करतेस ना मग तूच सांग. मी सुरू केलं, की आत्या पसरणं एवढं सोपं नसतं, पेशीला आधी मॅट्रिक्स तोडावं लागतं, रक्तात टिकावं लागतं, मग नवीन ठिकाणी स्ट्रोमा अनुकूल असावा लागतो, पण क्वचित असंही... आणि त्या "क्वचित"वर तिने मला धरलं. म्हणाली, "म्हणजे तुला पण नक्की माहीत न्हाई." आणि फोन वहिनीकडे दिला.

चार वर्षं मेटास्टॅसिसवर, म्हणजे कॅन्सर पसरण्यावर, काढली आणि सख्ख्या आत्याला मराठीत पाच वाक्यं धड सांगता आली नाहीत. इंग्रजीत पोस्टर विचारा, झोपेत म्हणून दाखवीन. कुणी सांगा, हे कसं बोलायचं? खोटं न बोलता.

---

द्राक्षवाला_मिरज:

ताई मी डॉक्टर न्हाई, बागायतदार आहे, पण तुमची आत्या आमच्याच पट्ट्यातली म्हणून लिहितो. तिला पेशीबिशी सांगू नका. बी सांगा.

माझ्या बांधावरच्या गाजरगवताचं बी रोज हजारोनं उडतं. वाऱ्यानं जातं, पाण्यानं जातं, माझ्या चपलेला चिकटून घरात येतं. घरातल्या फरशीवर उगवलंय का कधी? बी जाणं येगळं आणि उगवणं येगळं. ज्वारी पेरायची म्हटलं तरी आपण रानात वाफसा आल्याशिवाय पाभर घालत न्हाई, चिखलात टाकलं तर कुजतं, कोरड्यात टाकलं तर पाखरं खातात. हे तिला सांगायला लागत न्हाई, तिनं आयुष्यभर बघितलंय.

पण एक शंका मलाच आली ती विचारतो. समजा सुईनं एखादं बी उडालंच आणि त्याला नेमका वाफसा गावला तर? तुमची आत्या हेच विचारणार बघा, बायका हुशार असतात.

---

तिसरा_पॅसेज:

दादा, तुम्ही "वाफसा" लिहिलंत आणि मी लॅबमध्ये बसून मोठ्याने हसले, शेजारचा बघायला लागला. कारण आमच्या विषयाचा पायाच बी आणि जमीन आहे! १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी काढून बसून बघितल्या. नुसतं रक्ताबरोबर वाहत जाऊन पसरत असेल तर लिव्हर आणि प्लीहा, दोन्हीकडे भरपूर रक्त जातं, दोन्हीकडे सारख्याच गाठी सापडायला हव्यात की नाही? सापडल्या लिव्हरमध्ये २४१ जणींना आणि प्लीहेत फक्त १७. तो म्हणाला बी सगळीकडे पडतं, उगवतं मात्र मानवेल त्या जमिनीत. पुढे कितीतरी वर्षं लोकांनी याला बाजूला ठेवलं, रक्तवाहिन्यांची नळजोडणीच सगळं ठरवते असं म्हणत राहिले.

आणि वाफशाचं तर अजूनच भारी. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने उंदरांत दाखवलं की गाठ दूर कुठेतरी असते, तिथून इशारे सुटतात, त्या इशाऱ्यांवर अस्थिमज्जेतल्या काही पेशी निघून फुप्फुसात जाऊन बसतात आणि कॅन्सरची पहिली पेशी पोचायच्या आधी तिथली जमीन तयार करून ठेवतात. आम्ही त्याला प्री-मेटास्टॅटिक निश म्हणतो. चार वर्षं मी याला मराठी शब्द शोधत होते हो, आणि तो माझ्या वडिलांच्या तोंडात रोज होता.

तुमच्या शंकेला उत्तर मी द्यायच्या आधी इथे कुणी रोज स्लाईड बघणारं असेल तर त्यांनी द्यावं. मी उंदीर आणि प्लेटवाली आहे, पेशंटवाली नाही.

---

निसर्गमित्र_७२:

साखर आणि दूध पूर्ण बंद करा. कॅन्सर उपाशी मरतो. बायोप्सीची गरजच पडणार नाही. अनुभव आहे.

---

स्लाईडवाली:

वरच्या काकांना नमस्कार. साखर-दूध सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, आणि गाठीचं नावही कळत नाही, एवढंच म्हणते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बारा वर्षं हेच करतेय, त्यामुळे आत्याबाईंचं वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. बागायतदार दादांची शंका रास्त आहे, तिला सरळ उत्तर देते.

सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सांडतात, हे खरं आहे, लपवायचं काही नाही. पण त्यांचं पुढे काय होतं ते बघा. फिडलर नावाचे एक शास्त्रज्ञ होते, मूळचे जनावरांचे डॉक्टर. १९७० मध्ये त्यांनी कॅन्सरच्या पेशींना किरणोत्सर्गी खूण करून सरळ उंदरांच्या शिरेत सोडल्या. म्हणजे बी उडेल का वगैरे प्रश्नच नाही, मूठ भरून फेकलं. चोवीस तासांनी हजारातली एकसुद्धा धड जिवंत नव्हती, आणि गाठ धरणाऱ्या दहा हजारात एकाहून कमी. नंतर त्यांच्याच लॅबमध्ये फुप्फुसाचा एक तुकडा आणि किडनीचा एक तुकडा उंदराच्या मांडीच्या स्नायूत लावून बघितला. मेलानोमाच्या (त्वचेच्या कॅन्सरच्या) पेशी मांडीतल्या फुप्फुसात उगवल्या, किडनीच्या तुकड्यात नाही. रक्त दोन्हीकडे तेच.

शिवाय छातीच्या गाठीत सुईची वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये किंवा रेडिएशनमध्ये बहुतेक वेळा येऊनच जाते.

आता "क्वचित" कुठे लागू आहे ते नीट सांगा, मोघम ठेवलंत की माणूस घाबरतो. अंडकोषाची गाठ असेल तर आम्ही बाहेरून सुई घालत नाही. हाडाच्या किंवा मांसाच्या सार्कोमात बायोप्सी त्याच सर्जनने करावी जो पुढे ऑपरेशन करणार, म्हणजे सुईची वाटही तो कापून काढतो. लिव्हरच्या काही गाठी नुसत्या स्कॅनवर ओळखता येतात तेव्हा सुई टाळतात. ही नावं घेऊन सांगायची आणि मग म्हणायचं, आत्या, तुझी गाठ यातली नाही.

शेजारणीचं काय झालं असेल? मी त्यांच्या फायली बघितल्या नाहीत, पण ही गोष्ट ज्या क्रमाने घडते तो क्रम सांगते. बाई गाठ घेऊन वर्षभर घरात बसते. मग येते. बायोप्सी होते, कॅन्सर निघतो, म्हणून मग पहिल्यांदाच पूर्ण स्कॅन होतो, आणि लिव्हरमध्ये डाग दिसतात. डाग आधीच होते, बघितले कुणी नव्हते. घरच्यांना दिसतं ते एवढंच की आधी सुई, मग पसरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

आणि बायोप्सी नाही केली तर आम्ही आंधळे. ट्रूकट केलं, म्हणजे जाड सुईने तुकडा काढला, की त्यावर ईआर, पीआर, हर-टू या कॅन्सरच्या पेशींवरच्या खुणा बघतो, त्यावर ठरतं की गोळी चालेल, की केमो, की हर-टूचं इंजेक्शन, आधी ऑपरेशन की आधी औषध. उगाच कुणीतरी "गाठ काढून टाकू, मग बघू" म्हणालं तर ऐकू नका, त्याने पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

---

अर्धवट_थिसिस:

स्लाईडवाली मॅडमशी सहमत, पण एक पुस्ती जोडतो, कारण प्रश्नकर्तीने "खोटं न बोलता" म्हटलंय.

ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागताना आजूबाजूला काय चालतं, याचा विचार अगदीच फोल नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने देशातल्या ११ केंद्रांवर १५८३ बायकांची ट्रायल केली, २०२३ मध्ये छापून आली. स्तनाची गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, बास. आपलं लिग्नोकेन हो, दातवाला टोचतो ते. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या, इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. किरकोळ पैशांच्या इंजेक्शनने. कारण काय यावर वाद आहे, पेशींवरची सोडियमची दारं बंद होतात आणि हालचाल मंदावते असा एक तर्क.

यातून "सुरी लावू नका" निघत नाही हं, कारण दोन्ही गटांतल्या सगळ्या बायकांना सुरी लागलीच होती आणि दोन्हीकडे बहुतेक जणी पाच वर्षांनी होत्या. यातून निघतं ते एवढंच की गाठीभोवतीचा वितभर परिसर महत्त्वाचा आहे, जे प्रश्नकर्ती चार वर्षं मोजतेय. आत्याला मात्र हे सांगू नका, अर्धं ऐकून ती उरलेलं स्वतः पूर्ण करेल :)

---

द्राक्षवाला_मिरज:

समजलं. आता एक येड्यासारखं विचारू का? मग बियामागं कशाला लागताय, जमीनच नासवा की. क्षारपड रानात काय उगवतंय?

---

तिसरा_पॅसेज:

अजिबात येड्यासारखं नाही दादा, यावर लोकांची करिअर उभी आहेत आणि एक-दोन बुडाली पण.

जिथे जमलं ते आधी सांगते. हाडात कॅन्सर गेला की तो स्वतः हाड खात नाही, हाडातल्याच मोडणाऱ्या पेशींना, ऑस्टिओक्लास्टना, चिथावतो. हाड मोडलं की त्यात साठवलेलं खत बाहेर पडतं, टीजीएफ-बीटा वगैरे, ते खाऊन कॅन्सर वाढतो, वाढला की अजून चिथावतो. दुष्टचक्र. झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन देतात ती कॅन्सरला मारायला नसते, ऑस्टिओक्लास्टला गप्प करायला असते. म्हणजे जमिनीचं औषध गावोगावच्या डे-केअरमध्ये चालूच आहे, त्याला कुणी मायक्रोएन्व्हायर्नमेंट म्हणत नाही एवढंच.

आता फसलेलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीपेक्षा भोवतीचा चिवट तंतूंचा पसाराच जास्त असतो, औषध आत शिरत नाही. २००९ मध्ये उंदरांत हा पसारा विरघळवणारं औषध केमोसोबत दिलं, केमो आत शिरली, उंदीर जास्त जगले, सगळे नाचले. माणसांवर ट्रायल सुरू झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये थांबवावी लागली कारण औषध घेणारे पेशंट लवकर जात होते. २०१४ मध्ये दोन गटांनी उंदरांत कारण दाखवलं: ते फायब्रोब्लास्ट उपटून काढले की गाठ जास्त मोकाट होते. म्हणजे तण म्हणून जे उपटलं तो बांध होता. पाणी अडवून धरत होता तोच. मी पहिल्या वर्षाला "फायब्रोब्लास्ट हे कॅन्सरचे साथीदार" असं थाटात स्लाईडवर लिहिलं होतं, गाईडने त्यावर पेनाने फक्त एवढंच लिहून परत दिलं, "सगळे?"

आणि जमीन बिघडणं म्हणजे काय हे बघायला माझ्याकडे मायक्रोस्कोपची पण गरज नाही, माझा मामेभाऊ आहे. दहावीपासून मावा, सुपारी-तंबाखूचा. तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत त्याच्या, तिखट लागलं की डोळ्यात पाणी. गालाच्या आत पांढरट दोरे हाताला लागतात, तो कॅन्सर नाही अजून, सबम्युकस फायब्रोसिस आहे. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टना कोलॅजन विणायला लावतं, सुपारीतलं तांबं ते धागे घट्ट बांधणाऱ्या एन्झाईमला जोर देतं. बी पडायच्या आधी जमीन अशी करून ठेवलीय. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि मावा त्याला कोपऱ्यावर घोटून मिळतो.

विषय भरकटला. आत्याला बियाची गोष्ट आज रात्री सांगून बघते.

---

खर्राबंद_नागपूर:

मामेभावाला म्हणा आमच्याकडचे खर्रेवाले पण हेच म्हणत होते, "अजून तर काही नाही झालं". माझं तोंड दीड बोट उघडतं. बाकी थ्रेड मस्त चालू आहे, वाचतो आहे.

---

चहाबाज_काकू:

अगं पोरी, तुझं सगळं वाचलं, शिकलीस चांगली, पण एक विचारू का? द्राक्षं कधी उतरणार आहेत आत्याची?

माझी स्वतःची छातीची गाठ सहा वर्षांपूर्वी निघाली. मी पण घरच्यांना "सुई लावली की पसरतो" म्हणत होते, आणि माझा त्यावर विश्वास होता का, तर खरं सांगायचं तर निम्मा. उरलेला निम्मा असा की धाकट्याची बारावी होती, परीक्षा होईपर्यंत मला आजारी पडायचं नव्हतं. पण बाई असं तोंडाने म्हणत नाही. बाई म्हणते "सुरी लागली की पसरतो", कारण त्यावर कुणाला बोलता येत नाही.

आता जानेवारी संपत आलाय. तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला माल उतरतो, मग बेदाण्याच्या शेडवर जाळ्या पसरायच्या, मजूर, जेवणं. एकटी बघते का सगळं? तिने "रिपोर्ट" हा शब्द ऐकला की तिला पुढे ऑपरेशन, महिनाभर मिरजेत मुक्काम, पैसे, आणि बाग व्यापाऱ्याच्या ताब्यात, असं सगळं एकदम दिसत असेल. तिला कुणी सांगितलंय का की तुकडा काढायला अर्धा-पाऊण तास लागतो, जागा बधिर करतात, आणि संध्याकाळच्या चहाला ती घरी असते? मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी बॅग भरून गेले होते, दोन नाईटगाऊन आणि शेंगदाण्याचे लाडू.

पैशांचं पण बोल. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, आणि त्या कागदांना रिपोर्ट लागतोच.

---

तिसरा_पॅसेज:

काकू, तुमचं वाचून मी दहा मिनिटं नुसती बसले.

काल रात्री फोन केला. बियाचं सांगितलं, फरशीवर गाजरगवत उगवतं का विचारलं, ती हसली, म्हणाली "कुणी शिकवलं तुला हे, तुझ्या बापानं?" मग मी एकदम विचारलं, आत्या माल कधी उतरतोय? ती गप्प. मग म्हणाली व्यापारी बघून गेलाय, वीस-पंचवीस दिवस, काकाचा गुडघा गेलाय, शेडचा हिशोब तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि "एकदा का कागदावर आलं की मग माझं कुणी ऐकणार न्हाई."

पसरण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मी चार वर्षं पेशी का हलते ते बघतेय, आणि इथे माणूस का हलत नाही ते मला विचारायचं सुचलं नव्हतं.

मी सांगितलं की ही फक्त नाव शोधायची तपासणी आहे, अर्धा दिवस, मी येते सोबत. पुढचं काय आणि कधी ते रिपोर्ट बघून ठरेल, आणि ते ठरवताना तू समोर असशील. उशीर केलेला चालेल असं मात्र मी म्हटलं नाही, कारण ते खोटं झालं असतं.

मंगळवारची वेळ घेतलीय. स्लाईडवाली मॅडम, आत्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे (काकाची म्हणून मला वाटत होतं, तिचीच निघाली). काय करायचं?

---

स्लाईडवाली:

आजच त्या डॉक्टरांना फोन करून गोळीचं नाव आणि डोस सांगा. बंद करायची की नाही ते तेच ठरवतील, आपल्या मनाने बंद करू नका. आधीचा मॅमोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही न्या, नुसता मोबाईलमधला फोटो नको. पुढून उघडणारा सैल ब्लाऊज घालू दे. नंतर जागा दाबून धरतात, थोडं काळंनिळं होतं, ते पसरणं नव्हे, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर बुधवारी परत नवा थ्रेड काढाल. आणि रिपोर्टला आयएचसी (ईआर, पीआर, हर-टूची तपासणी) धरून आठवडाभर धरा, दुसऱ्या दिवशी लॅबला फोन करू नका. पीएचडीवाले फार फोन करतात.

---

द्राक्षवाला_मिरज:

मंगळवारी मी मिरजेतच असतो. डबा लागला तर सांगा. आणि आत्याला विचारा, शेडला हिशोब लिहायला माणूस पायजे का, माझा पुतण्या बी.कॉम. होऊन घरात बसलाय.

---

तिसरा_पॅसेज:

विचारलं. म्हणाली, "त्याला म्हणावं आधी बेदाण्याची प्रतवारी ओळखून दाखव."